चार नावांचं ऑफिस

फोन वाजला की चाचा रिसीव्हर उचलून एवढंच म्हणायचे, "ऑफिस." कंपनीचं नाव नाही, स्वतःचं नाव नाही. पलीकडचा माणूस गोंधळून विचारायचा, कुठलं ऑफिस? त्यावर चाचा शांतपणे म्हणायचे, "तुम्ही लावलात तेच."

मी नवी होते तेव्हा मला हा उद्धटपणा वाटला. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "नाव सांगायचं मी सोडून दिलंय, बाय. सकाळी एक नाव सांगावं, तर दुपारी साहेब येऊन सांगतो, आता ते नाय. माझी जीभ म्हणजे काय दुकानाची पाटी हाय?"

ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. गावातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. लढाईनंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा आले आणि पायांचं काम करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत चिकटले. पाया म्हणजे इमारतींचा पाया. त्या कंपनीचे नकाशे, हिशेबाचे कागद, पत्रं सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं आणि कायमचं त्यांच्याकडेच राहिलं. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बाय. मी सांगलीची, नवरा इथल्या सरकारी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, आणि मी स्ट्रक्चरल इंजिनियर. चाचांत आणि माझ्यात नातं म्हणावं तर मराठीचं. ते कोकणातल्या मुसलमानी घरातली मराठी बोलायचे, मी घाटावरची, आणि दोघांनाही दुसऱ्याची अशुद्ध वाटायची.

उंच, सडपातळ, पांढरी दाढी अगदी बारीक कातरलेली. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. डाव्या कानावरची स्वतःसाठी, उजव्या कानावरची मागणाऱ्यासाठी. मागून नेलेली पेन्सिल परत आली नाही, तर ते त्या माणसाला पुढच्या वेळी नकाशा द्यायचे नाहीत. कितीही मोठा साहेब असो. एका ब्रिटिश डायरेक्टरला त्यांनी दोन दिवस थांबवलं होतं. तिसऱ्या दिवशी डायरेक्टरने नव्या पेन्सिलींचा डबा पाठवला. चाचांनी त्यातली एक घेतली आणि डबा परत पाठवला. "आपली होती एक," म्हणाले.

आता कंपनीच्या नावांबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी रुजू झाले तेव्हा कंपनी एका स्कॉटिश म्हाताऱ्याची होती. सालमियात चार खोल्या आणि राई नावाच्या कारखान्या-गोदामांच्या वस्तीत एक माती तपासायची लॅब. मी आल्याला वर्ष होतंय तोच म्हाताऱ्याने ती एका ब्रिटिश कंपनीला विकली. त्या ब्रिटिश कंपनीचं दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या ब्रिटिश कंपनीशी जमलं आणि मधे आडवी रेघ असलेलं लांबलचक नाव आलं. आणि मग एक दिवस कॅनडाच्या एका फार मोठ्या इंजिनियरिंग कंपनीने ती रेघ, रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची, अशा सगळ्यांना एका घासात गिळलं.

या कॅनडाच्या कंपनीची गोष्टच वेगळी होती. एका बर्फाळ गावात एका इंजिनियरने एका खोलीत सुरू केलेली, गावोगावी पाण्याच्या लाइनी आखून देणारी. तिथून ती वाढत वाढत आमच्यापर्यंत आली होती. पण वाढली ती पोटच्या पोरांनी नव्हे, दत्तक घेऊन. महिन्या-दोन महिन्यांनी ईमेल यायचा : 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की...' कधी धरणवाले आले, कधी खाणवाले, कधी पर्यावरणवाले, कधी बोगदेवाले. रिसेप्शनच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर हिरव्या टिकल्या. आमचा ऑफिसबॉय नवी टिकली लावायला शिडी घेऊन चढला की आम्ही समजायचो, कुठेतरी कोणीतरी विकलं गेलं.

चाचा हे सगळे ईमेल छापून एका फाइलीत लावायचे. फाइलीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लग्नपत्रिका'.

"सगळ्यांत लिहितात, आनंद होतो," ते म्हणायचे. "मुलगी काय म्हणते ते कुठल्याच पत्रिकेत नसतं."

कॅनडाला ते 'थोरलं घर' म्हणायचे. थोरल्या घराबद्दल त्यांना राग नव्हता. उलट त्या संस्थापकाचा बर्फात जमीन मोजायचा थिओडोलाइट घेऊन उभा असलेला जुना फोटो आला होता, तो त्यांनी कापून काचेखाली ठेवला होता. "हा माणूस कागद जपणारा दिसतो," म्हणायचे. कशावरून? तर त्याने वही कोटाच्या आत धरली होती आणि टोपी मात्र बर्फात पडलेली होती.

थोरल्या घराने आम्हाला शहरातल्या काचेच्या टॉवरमध्ये नेलं. चाचा मात्र राईतच राहिले, कारण कागद राईत होते. एका बाजूला सोफ्यांचं शोरूम, दुसऱ्या बाजूला गॅरेज, मधे आमची जुनी लॅब, आता गोदाम झालेली. आत लोखंडी रॅक, रॅकवर गुंडाळलेले नकाशे, कोपऱ्यात पत्र्याचं केबिन आणि केबिनमध्ये चाचा. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या कायम बंद. त्यामुळे दुपारी बांगड्याचा डबा उघडला की तो वास संध्याकाळपर्यंत नकाशांत मुरायचा. टॉवरमध्ये एखादा जुना नकाशा उलगडला की अमेरिकन आर्किटेक्ट नाक वर करून इकडेतिकडे बघायचा, आणि मला समजायचं, चाचांनी स्वतःच्या हाताने काढून दिलेला आहे.

त्यांचा हुद्दाही प्रत्येक मालकाबरोबर बदलत गेला. म्हाताऱ्याच्या वेळी क्लार्क. ब्रिटिशांच्या वेळी डॉक्युमेंट कंट्रोलर. थोरल्या घराने त्यांना 'नॉलेज स्टुअर्ड' केलं. कार्ड आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "म्हणजे काय गो?"

"ज्ञानाचा कारभारी."

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "बरं. मग टेबलाचा खण अडकतो, तो आता कोण दुरुस्त करणार? का तोही कारभारीच?"

पण त्यांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांची नोंदवही. प्रत्येक नवा मालक प्रोजेक्टना नवे नंबर द्यायचा. जुने नंबर बाद. चार मालकांच्या चार नंबरांत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नव्हता. चाचांनी त्यावर उपाय काढला होता. ते इमारतींना नंबर देतच नव्हते. वहीत मराठीतून लिहायचे : 'जिना चुकलेली शाळा', 'मालक रोज फोन करायचा ती', 'पाण्यात बसलेली', 'इंजिनियर रडला होता तो पूल'. समोर रॅक आणि खण. या वहीशिवाय गोदामातला एक कागद सापडला नसता. जगभर पसरलेल्या त्या प्रचंड कंपनीच्या कुवेत शाखेची सगळी स्मरणशक्ती अशी रत्नागिरीच्या बाळबोध अक्षरात होती, आणि याची थोरल्या घराला कल्पना नव्हती.

एकदा कॅनडाहून ऑडिटला माणूस आला. त्याने विचारलं, तुमची वर्गवारी कुठल्या तत्त्वावर आहे? चाचा मला म्हणाले, "सांग त्याला. माणसाला घर नंबराने आठवत नाय. तिथे काय त्रास झाला, त्याने आठवतं." मी इंग्रजीत सांगितलं. त्याने लिहून घेतलं. पुढे त्याच्या अहवालात आलं, 'जोखीम-आधारित वर्गीकरण, उत्तम नमुना'.

त्या अहवालाच्या पुढच्याच वर्षी हुकूम आला, की गोदाम रिकामं करायचं. सगळे कागद स्कॅन करायचे, कॅनडाच्या सिस्टिमवर चढवायचे आणि मूळ कागद कातरयंत्रात घालायचे. शेवटी 'सर्व नोंदी स्थलांतरित झाल्या असून शाखेकडे कोणताही कागद शिल्लक नाही' अशा दाखल्यावर नॉलेज स्टुअर्डची सही.

स्कॅनिंगवाली पोरं आली. ती नकाशावरचा नंबर बघायची आणि त्या नंबराने फाइल चढवायची. म्हाताऱ्याच्या काळातले नंबर सिस्टिम घेईना. असे सगळे कागद 'अनोळखी' म्हणून एका ढिगात जायचे आणि ढीग कातरयंत्राकडे. चाचा पहिल्या दिवशी केबिनमधून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ढिगाशेजारी खुर्ची टाकली. तिसऱ्या दिवसापासून ढिगातला काही भाग त्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात जाऊ लागला. पोरांना ते म्हणायचे, "हा ओळखीचा निघाला."

दाखल्यावरची सही मात्र होईना. आधी चष्मा हरवला. मग रमजान आला. मग दाखल्यावर कंपनीचं नाव जुनं छापलेलं निघालं. ते बदलून आणलं तर म्हणाले, आता तारीख जुनी झाली. आमचे शाखाप्रमुख पुण्याचे होते. माणूस हुशार, गोड बोलणारा, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट सगळ्यांच्या आधी धरणारा. ते मला म्हणाले, "तुमचं ऐकतात ते. एकदा सही घेऊन टाका ना. मला दर सोमवारी कॅनडाला उत्तर द्यावं लागतं हो."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ते पत्र आलं.

बनेद अल-गारमधल्या एका राहत्या इमारतीच्या मालकाचं पत्र होतं. तळघरातल्या कोपऱ्याच्या खांबाला तडे गेलेत, इमारतीचं मूळ डिझाइन तुमच्या आधीच्या कंपनीने केलं होतं, तरी नोंदी द्याव्यात. साहेबांनी सिस्टिममध्ये शोधलं. शून्य. त्यांचा चेहरा उजळला. "काहीच नाही! उत्तम. तुम्ही तेवढं उत्तर तयार करा. 'आमच्याकडे नोंद उपलब्ध नाही', चार ओळी. आणि चाचांची सही आणा, म्हणजे त्याला आधार होईल."

मी 'हो' म्हणाले. मला इथे खोटं लिहायचं नाही. पत्ता वाचताक्षणी मी ती इमारत ओळखली होती.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवी, प्रोबेशनवर, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना कंपनीच्या हातात. त्या इमारतीच्या मालकाला वर दोन मजले चढवायचे होते, आणि आमच्याकडून हरकत नसल्याचं पत्र हवं होतं. हिशेब मला तपासायला दिला. बाकीचं सगळं बसत होतं. कोपऱ्यातला एक खांब बसत नव्हता. मी तक्त्यावर पेन्सिलीने गोल काढून लिहिलं, 'हा पुरणार नाही. जाडी वाढवायला हवी.' म्हाताऱ्याने मला आत बोलावलं. ब्रिटिश खरेदीदारांची माणसं तेव्हा ऑफिसात बसून एकेक कपाट तपासत होती. विक्री ठरत आली होती. त्याला एकही नाराज गिऱ्हाईक आणि एकही उघडा वाद नको होता. तो प्रेमाने म्हणाला, "पोरी, पेन्सिल म्हणजे शाई नव्हे. स्वच्छ प्रत कर." मी स्वच्छ प्रत केली. त्यात गोल नव्हता. पेन्सिलीचा तक्ता चुरगाळून टोपलीत टाकला. पत्र गेलं, मजले चढले, कंपनी विकली गेली. म्हातारा स्कॉटलंडमधल्या त्याच्या बेटावर राहायला गेला.

तर मी चार ओळींचं उत्तर तयार केलं आणि दाखला घेऊन राईला गेले.

चाचा ढिगाशेजारी बसले होते. मी दाखला पुढे केला. म्हटलं, "चाचा, आता करून टाका. साहेब फार मागे लागलेत."

"का घाई?"

"एक पत्र आलंय. बनेद अल-गारचं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग उठले, केबिनमध्ये गेले, वही आणली आणि माझ्यासमोर उघडली. एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं : 'बायच्या पेन्सिलीची बिल्डिंग'.

मी ती ओळ दोनदा वाचली. चाचांनी कपाटातून एक तक्ता काढून टेबलावर पसरला. चुरगाळून पुन्हा सपाट केलेला, त्यामुळे घड्यांचं जाळं झालेला. मधे माझा गोल. माझं अक्षर. खाली माझी आद्याक्षरं.

"तुम्ही टोपलीतून काढलात?"

"टोपली माझ्याच खोलीतून जायची. ऑफिसातला कागद टाकायचा हक्क रेकॉर्डवाल्याचा असतो. इंजिनियरचा नसतो, मालकाचा पण नसतो." ते बसले. "आता तू म्हणतेस सही कर. दाखल्यात लिहिलंय, एकही कागद शिल्लक नाय. हा तर हाय."

"चाचा, याच्यावर माझं नाव आहे."

"म्हणून तुला दाखवतोय. नाहीतर साहेबाला दाखवला असता." त्यांनी तक्ता गुंडाळला, रबर लावलं आणि माझ्या हातात दिला. "ने. तुला वाटलं तर फाड. मी विचारणार नाय. पण सही मी करणार नाय, ती पण तू मागू नको."

मी बाहेर येऊन गाडीत बसले. एसी लावला. समोर शोरूमवाले एक पांढरा सोफा ट्रकमध्ये चढवत होते, तो दारात अडकला होता. ते तिरपा करायचे, सरळ करायचे, पुन्हा तिरपा करायचे. मी तो सोफा आत जाईपर्यंत बघत बसले. मनात काही उदात्त विचार आले असं नाही. मुलीची शाळेची फी आली, नवऱ्याचं तोंड आलं, आपल्याला परत पाठवतील हे आलं. मग आठवलं, की त्या इमारतीत हॉस्पिटलातल्या बऱ्याच नर्सेस राहतात. नवऱ्याच्या लॅबमध्ये नमुने आणणारी एक जण तिथून येते. तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांची बस येते. उन्हातून सुटका म्हणून त्या कोपऱ्यातल्या सावलीत उभ्या राहतात.

मी टॉवरमध्ये जाऊन तक्ता साहेबांच्या टेबलावर उलगडला.

साहेबांनी तो वाचला, वास घेतला, दार लावलं. "हे कुठून आलं?"

"राईहून."

"सिस्टिममध्ये नाहीये."

"टेबलावर आहे."

"अहो, पण ती कंपनी म्हणजे आपण नव्हतोच! आपण त्या रांगेतले चौथे. थोरात आडनावाच्या माणसाने केलेलं कर्ज कुलकर्ण्यांनी फेडायचं का?"

"साहेब, तिथे लोक राहतात. आणि थोरात-कुलकर्णी राहू द्या, गोल काढणारी मी आहे. स्वच्छ प्रत करणारीपण मीच."

ते खुर्चीत मागे रेलले. त्यांना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत असावं. हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही मला दाखवलंच नाही असं समजू या का? तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

संध्याकाळी कॅनडाची सकाळ झाली तेव्हा व्हिडिओवर बैठक बसली. पलीकडे खरेदी केलेल्या कंपन्या घरात रुळवणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाई आणि त्यांचा वकील. अलीकडे साहेब, मी आणि इस्त्रीचा शर्ट घालून आलेले चाचा. साहेबांनी सुरुवात केली, की एक अनधिकृत कागद समोर आला आहे, त्याचा उगम शंकास्पद आहे, सिस्टिममध्ये नोंद नाही. वकिलाने चाचांना विचारलं, "आपण रेकॉर्डचे प्रमुख. शाखेकडे या इमारतीचा कोणताही कागद शिल्लक नाही, हे आपण प्रमाणित करता का?"

चाचा त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, कागद आहे. माझ्याकडे आहे. कंपनी चार झाल्या, रेकॉर्ड एकच आहे. तुम्ही कंपनी घेतली तेव्हा मला पण घेतलं, कागद पण घेतला. तुम्ही मोजला नाही, ती तुमची चूक."

साहेबांनी डोळे मिटले. वकील काहीतरी सांगू लागला, त्याला पडद्यावरच्या बाईंनी हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "तुम्ही इंजिनियर आहात. आज त्या खांबाची काय अवस्था असेल?"

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण आज रात्री मी त्या इमारतीत झोपणार नाही."

"मग तिथे कोणीच झोपू नये," बाई म्हणाल्या. "कागद स्कॅन करून आत्ता पाठवा. मालकाला मी स्वतः फोन करते."

त्याच रात्री तळघरात लोखंडी टेकू लागले. इमारत रिकामी केली. खांबाभोवतीचं प्लास्टर काढलं तेव्हा आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या दिसल्या. समुद्राजवळचं खारं पाणी आणि वरचे दोन मजले, दोघांनी मिळून काम केलं होतं. आणखी किती दिवस टिकला असता, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. काही आठवड्यांनी दुरुस्ती झाली, लोक परत राहायला आले. कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही. जे घडलंच नाही त्याची बातमी होत नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही.

थोरल्या घरात मात्र याची फार वाहवा झाली. मासिक पत्रिकेत दोन पानं आली : 'सचोटी आमच्या रक्तात आहे'. साहेबांचा फोटो छापून आला, टेकूला हात लावून उभे असलेले. मला एक लेखी समज देण्यात आली, अकरा वर्षं जुन्या चुकीबद्दल, आणि त्याच महिन्यात 'चुकांतून शिकू या' या कार्यशाळेचं प्रमुखपदही. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची होती. समज योग्यच होती. मी ती फ्रेम केली नाही, पण जपून ठेवली आहे.

चाचांना पुरस्कार मिळाला. काचेचा, उभा, खाली कंपनीचं नाव कोरलेलं. तो राईला पोचला त्या आठवड्यात नवी लग्नपत्रिका आली. थोरल्या घराने कागदपत्रं सांभाळणारी एक कंपनी विकत घेतली होती. जगातल्या सगळ्या शाखांचं रेकॉर्ड आता ती एका ठिकाणाहून बघणार. त्यामागोमाग चाचांना पत्र आलं, की आपलं पद दुहेरी ठरत असल्याने... वगैरे. खाली, आपल्या पुढील प्रवासासाठी शुभेच्छा.

मी तणतणत राईला गेले. मी मोठमोठ्याने बोलत होते आणि चाचा ते पत्र भोकं पाडून 'लग्नपत्रिका' फाइलीत लावत होते.

"तुम्ही काही म्हणणार नाही का?" मी ओरडले.

"म्हणतो ना." त्यांनी फाइल बंद केली. "या पत्रात तरी 'आनंद होतो' असं लिहिलेलं नाय. पहिल्यांदा खरं लिहिलान."

साठी उलटून गेलेल्या, सातवी शिकलेल्या माणसाला कुवेतमध्ये दुसरी नोकरी मिळणार नव्हती, आणि नोकरी नाही तर इकामा नाही. महिन्याभरात त्यांना निघावं लागणार होतं. जलीबमधल्या त्यांच्या खोलीत सहा माणसं राहायची. सामान बांधायला मी आणि नवरा गेलो, तर सामान फारसं नव्हतंच. तीसएक वर्षांचा संसार एका सुटकेसमध्ये आणि एका खोक्यात मावला. खोक्यात भाचीच्या मुलांसाठी चॉकलेटं आणि दुधाच्या पावडरीचे डबे. काचेचा पुरस्कार खोलीतल्या एका बिहारी सुताराला देऊन टाकला होता. तो त्यावर मोबाइल टेकवून बायकोशी बोलत होता.

विमानतळावर मी एकटीच त्यांना सोडायला गेले. नवऱ्याची ड्यूटी होती. सामान गेलं, पास मिळाला, वेळ उरला. आम्ही एका बाकावर बसलो. बराच वेळ मनात होतं ते मी विचारलं.

"चाचा, अकरा वर्षं तो कागद तुमच्याकडे होता. तुम्हाला लिहिलेलं वाचता येत होतं. मला एकदाही का नाही बोललात?"

चाचा पासाची घडी घालत राहिले, उघडत राहिले.

"मला वाटलं, तू विचारशील," शेवटी म्हणाले. "तू गोदामात यायचीस, हा नकाशा द्या, तो नकाशा द्या. मी म्हणायचा, आज मागेल. नाय मागितलास. मग वाटलं, शिकलेल्या माणसांचं काम, त्यांना ठाऊक असेल काय ते. आपण सातवी पास. आपलं काम ठेवण्याचं." त्यांनी पास खिशात घातला. "खोटं बोलतोय. भीती वाटायची. घरी बहिणीचं घर चालायचं माझ्यावर. बोललो असतो तर घालवला असता. तू एकदा गप्प बसलीस, दुसऱ्यांदा बसता बसता उठलीस. मी तर दर शुक्रवारी गप्प बसलोय."

"दर शुक्रवारी?"

"जुम्म्याची नमाज झाली की जलीबवरून बस पकडायचा. बनेद अल-गारला उतरायचा. तळघरात जाऊन तो कोपऱ्यातला खांब बघायचा. हात लावून बघायचा, तडा गेलाय काय. नाय गेला तर अल्लाचे आभार मानून परत."

"अकरा वर्षं?"

"सुट्टीवर गावी गेलो तेवढे शुक्रवार सोडून. ते पत्र आलं त्याच्या आदल्या शुक्रवारपर्यंत तडा नव्हता." त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. "तिथला चौकीदार, हारीस, मला म्युन्सिपालटीचा माणूस समजायचा. खुर्ची आणून द्यायचा, पाणी द्यायचा. सगळ्यांना सांगायचा, आमच्या बिल्डिंगवर सरकारचं लक्ष हाय, घाबरू नका."

विमानाची घोषणा झाली. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.